बोट ठेवून वाचा

गुरुजींचं नाव निघालं की तुळशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. उगाच नाही! वीस वर्षांपूर्वी, ती चौथीत असताना, या बाबाने तिच्याकडून एकच धडा पोपटासारखा पाठ करून घेतला. "ओळीखाली बोट ठेव, बोट! साहेबाला वाटलं पाहिजे वाचतेस." तपासणीला साहेब आले, तुळशीने बोट फिरवत धडाधडा म्हटलं, साहेबांनी पाठ थोपटली. आणि पोरीला साधा 'क' ओळखता येत नव्हता. पुढे पाचवीला कासा गावच्या शाळेत नवं पुस्तक हातात आलं, तेव्हा अख्खा वर्ग तिला हसला. तिने दप्तर जे खुंटीला टांगलं ते कायमचंच.

गुरुजी चार ठिकाणी बदल्या फिरून दोन हजार सतरा साली पुन्हा तुळशीच्या पाड्यावरच आले. 'ये, तुझीच वाट बघत होते,' तुळशी मनात म्हणाली.

तिची मुलगी पुतळी तेव्हा पहिलीत होती. शेजारची सून दक्षा दहावी झालेली. तिला हाताशी धरून तुळशीने सगळा पाडा कामाला लावला. लग्नात भिंतीवर चौकाचं चित्र काढतात तशी तांदळाच्या पिठाने घराघरावर अक्षरं काढली, शुक्रीच्या भिंतीवर 'म', लडक्याच्या भिंतीवर 'ग'. संध्याकाळी पहिली-दुसरीतली पोरं या दारातून त्या दारात पळत शब्द जुळवायची. ज्या दारात शब्द पुरा होई, तिथली म्हातारी मूठभर बोरं द्यायची. पोरांमागे फिरता फिरता तुळशीही वाचायला शिकली, पण गुरुजींना तिने याचा वासही लागू दिला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात साहेब तपासणीला आले. चौथीतला दीपेश उठला आणि ओळीखाली बोट फिरवत धडाधडा धडा म्हणाला. तुळशीने दात आवळले. ती शाळेच्या समितीवर होती, म्हणून गुरुजींनी ठरावाचा कागद आणि शाई तिच्यापुढे सरकवली. "टेक अंगठा, बाय."

तिने कागद उचलून मोठ्यांदा वाचला, "चौथीच्या सर्व मुलांना वाचता येते."

गुरुजींचा चेहरा खर्रकन उतरला.

"साहेब, जरा पान बदला."

साहेबांनी पान उलटलं. दीपेशचं बोट पहिल्याच शब्दावर अडकलं, त्याची मान खाली गेली. वीस वर्षांपूर्वी तिथे तुळशीच उभी होती की! "संध्याकाळी माझ्या ओट्यावर ये रे बाळा," ती म्हणाली. मग पहिलीतल्या पुतळीने तेच पान अडखळत, पण शेवटपर्यंत वाचलं.

"खरं लिहा," तुळशी गुरुजींकडे वळली, "मग सही करते."

साहेब बघत होते. गुरुजींनी आधीचं खोडून लिहिलं, चौथीतल्या नऊ मुलांना वाचता येत नाही.

"आता वाचून दाखवा."

गुरुजी तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

"असं नाही," तुळशी म्हणाली. "बोट ठेवून वाचा, गुरुजी."