हिरवं पाणी

गावाला ड्रेनेजचं ऑफिस आठवतं ते न्हाणीघरात पाणी तुंबल्यावर. तेव्हा माणसं धावत येतात, हातापाया पडतात, आणि काम झालं की गरज सरो वैद्य मरो. दुसऱ्या दिवशी त्याच ऑफिसावरून जाताना नाकाला रुमाल. तिथल्या मुकादमाला याचा कधी राग आला नाही. "आपली आठवण येत नाही म्हणजे काम चोख चाललंय," असं तो म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. गावातला कुठला पाइप कुठे वळतो हे त्याला पाठ होतं. स्वतःच्या घरात काय कुठे वळलं, हे मात्र त्याला फार उशिरा कळलं.

त्याची बायको गेली त्या दिवशी पंपिंग स्टेशनचा मोठा पंप बंद पडला होता. सखल भागातल्या घरांत घाण पाणी शिरत होतं, बायका पोरांना कडेवर घेऊन ओट्यांवर चढून बसल्या होत्या. तिकडे बायको हॉस्पिटलात, आणि मुलगी फोनवर फोन करत होती. "आलोच तासाभरात," असं तो दर वेळी म्हणत राहिला. खोटं बोलत नव्हता बिचारा, त्याला खरंच तसं वाटत होतं. पंप सुरू झाला, पाणी उतरलं, आणि मुकादम चिखलाच्या बुटांनी हॉस्पिटलात पोचला तेव्हा खाटेवरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

"अख्ख्या गावाचे संडास वाचवलेत तुम्ही," मुलगी म्हणाली. "आईच्या उशाशी बसता आलं नाही."

त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही. राहायला त्याच गावात, पण रस्ता बदलून जायची. पुढे तिला मुलगी झाली, तेही त्याला किराणावाल्याकडून कळलं. आजोबा झाल्याची बातमी साबण घेता घेता कळावी, यापरतं दुर्दैव काय असतं? साबण घेऊन तो घरी आला आणि मोरीत बसून रडला.

यंदा गावाबाहेरचा ओढा काळा पडायला लागला. ओढ्याला मिळणारी गटारं फक्त पावसाच्या पाण्याची. संडासाची लाइन वेगळी. म्हणजे कुणाच्या तरी घराचा पाइप चुकीच्या जागी जोडलेला होता. तो शोधायची रीत सोपी आहे. घरोघरी जायचं, संडासात हिरव्या रंगाचं पाणी ओतायचं आणि बाहेर बघायचं. रंग रस्त्यातल्या संडास-लाइनच्या चेंबरला आला तर घर निर्दोष. पावसाच्या गटारात आला तर चोर सापडला.

मुकादमाचा जोडीदार म्हणजे पैलवान. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणूनच पैलवान. मुकादम घरात जाऊन रंग ओतायचा, पैलवान चेंबर उघडून बसायचा. असं करत करत दोघं एका सकाळी मुलीच्या गल्लीत आले.

"त्या घरात मी जातो," पैलवान हळूच म्हणाला. "तू थांब चेंबरवर."

"तुझ्यानं बादली उचलवेल का?"

"थट्टा नको. झेपेल का तुला?"

"मीच जाणार," मुकादम म्हणाला.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते पैलवानालाही ठाऊक नव्हतं. दोष तिच्याच घरात निघाला, तर अंगण खणावं लागणार होतं. पाइप बदलायचा, सांधे भरायचे, पुन्हा तपासायचं. आठवडाभर रोज त्या दारात उभं राहता आलं असतं. रोज समोर दिसणाऱ्या माणसाशी कुणी किती दिवस अबोला धरेल? गावात बिघाड नको म्हणून ज्यानं जन्मभर जिवाचं रान केलं, तो त्या सकाळी पोटच्या पोरीच्या घरात बिघाड मागत होता. याला कुणी स्वार्थ म्हणावं तर खुशाल म्हणावं.

दाराबाहेर त्याने मनातल्या मनात वाक्य घोकलं. कशी आहेस, एवढंच. दार उघडलं. मुलगी समोर उभी होती, कानामागे केस सारायची लकब अगदी आईची. मुकादमाने तोंड उघडलं आणि जन्मभराच्या सवयीने बाहेर पडलं ते भलतंच.

"ड्रेनेज ऑफिसातून आलोय. लाइन तपासायची आहे."

"या," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मधल्या खोलीत एक चिमुरडी रंगपेटी उघडून बसली होती. बादली बघताच ती उठून वाटेतच उभी राहिली.

"काकांना जाऊ दे पुढे," मुलगी म्हणाली.

"काका नाहीत, आजोबा आहेत," चिमुरडीने ठणकावून सांगितलं. "केस बघ ना, पांढरे आहेत."

"बरं. जाऊ दे त्यांना."

मुकादमाने मान वर केली नाही. वर केली असती तर सगळं तिथेच सांडलं असतं. त्याने बादलीत रंगाची पूड कालवली आणि संडासात पाणी ओतलं. हिरवागार रंग भोवऱ्यासारखा फिरत खाली गेला. चिमुरडीने टाळ्या पिटल्या. "पुन्हा! आजोबा, पुन्हा करा!"

"पुन्हा नाही गं करता येत," तो म्हणाला. नातीशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

मग तिघंही उगाच तिथे उभी राहिली. मुलीने नळाची तोटी घट्ट केली, ती आधीच घट्ट होती. मुकादम मनात म्हणत होता, चुकू दे, एवढं एक घर चुकू दे. तेवढ्यात खिडकीतून पैलवानाचा आवाज आला. देवाने त्याला अंग दिलं नाही ते सगळं गळ्यात भरलं होतं.

"आला रे! चेंबरला आला! लाइन एकदम बरोबर!"

मुकादमाने बादली उचलली. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने तपासणीत कधी खोटं सांगितलं नव्हतं. त्याचे कान तापले.

"तसं... पुन्हा एकदा बघावं लागेल," तो म्हणाला. "उद्या येतो. एकदा बघून खात्री होत नाही."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. दार उघडल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. ओघळलेले गाल, या भेटीसाठी मुद्दाम घातलेला इस्त्रीचा शर्ट. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "रंग चेंबरला आला की लाइन बरोबर असते. लहानपणी खांद्यावर बसवून तुम्हीच दाखवलं होतंत मला."

बाबा. इतकी वर्षं तो हा शब्द ऐकायला आसुसला होता, आणि आला तो असा.

"हो," तो म्हणाला. "बरोबर आहे तुझं."

"मग नका येऊ." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला आशा तरी धरता आली असती. "तुम्ही दारात दिसलात की मला तो फोनच ऐकू येतो. आईला मी दर वेळी सांगत होते, आलेच आता, आलेच. मला नाही जमत, बाबा."

त्याने मान हलवली. चिमुरडीने टाटा केला, त्यानेही केला, आणि दार लागलं.

रस्त्यावर पैलवान चेंबरचं झाकण सरकवत होता. मुकादमाचा चेहरा बघून तो उठला.

"बोलली का?"

"बोलली. बाबा म्हणाली."

"अरे वा!" पैलवानाने आनंदाने त्याच्या पाठीत थाप मारली. "मग? आता कधी जायचं परत?"

"परत जायचं काही कारण नाही," मुकादम म्हणाला. "लाइन बरोबर आहे." आणि त्याने पुढच्या घराची बेल वाजवली.