नको ते खोडा

"हुदाचं नकारपत्र आण, नाहीतर मृत्यूचा दाखला. तोंडी चालत नाही," असं म्हणत कृष्णात सरांनी खिडकीतून फॉर्म ज्ञानेश्वरीपुढे सरकवला. सर याच महिन्यात कारकून म्हणून रुजू झाले होते; हुदाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

कॉलेजातल्या निवडणुका मारामाऱ्यांपायी बंद होऊन दोनेक वर्षं झाली होती. आता वर्गात पहिला येईल तो आपोआप विद्यार्थी परिषदेत. पुस्तकातून डोकं वर न काढणाऱ्यांच्या हाती पुढारपण दिलं की भांडणं होतील कशाला! बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात हुदा पहिली आली होती, ज्ञानेश्वरी दुसरी. निकालाच्या आठवडाभर आधी हुदा काविळीनं गेली. यादीतलं तिचं नाव मात्र तसंच राहिलं.

ज्ञानेश्वरीला ती जागा हवी होती. वडील एपीएमसीच्या बाजारात माथाडी, एका खोलीत सहा माणसं. पाच वाजता वाचनालय बंद झालं की तिचा अभ्यासही बंद. ते आठपर्यंत उघडं ठेवा, हा ठराव परिषदेच्या सभासदालाच मांडता येत होता. आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. हुदा गेल्याचं कळलं तेव्हा रडता रडता तिच्या मनात आलं होतं, आता पहिली मी. त्या विचाराची तिला फार लाज वाटे.

सानपाड्याच्या घरी हुदाची आई शरीफा एकटीच होती. नवरा कुवेतला.

"दाखला मी आणलाच नाय, बाय," ती म्हणाली. "आणला की खरं होतं सगलं."

"मग या फॉर्मवर अंगठा द्या, चाची. बाकीचं मी भरते."

"तिचा फॉर्म हाय. तिला इचारते."

ती फॉर्म घेऊन आतल्या खोलीत गेली आणि रिकाम्या हातांनी बाहेर आली. तिनं चहा टाकला. आतून पंख्याचा आवाज येत होता, मध्येच कागद उलटल्याचा. कप विसळून झाल्यावर शरीफानं आत जाऊन फॉर्म आणून दिला.

'संमती / नकार. नको ते खोडा,' असं त्यावर छापलेलं होतं. 'नकार' खोडला होता. खाली, मांडायचा विषय: वाचनालय आठपर्यंत उघडं ठेवणे. अक्षर हुदाचं, बारीक, उजवीकडे झुकलेलं; तळाशी तिची सही. तिच्या वह्या वर्षभर उतरवून घेतल्या होत्या, अक्षर ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. शाई अजून ओली होती, ज्ञानेश्वरीच्या बोटाला लागली. शरीफाला तर साधी सहीसुद्धा येत नव्हती.

वाटेत दोनदा तो कागद फाडायला घेतला, पण फाडवेना. शेवटी तिनं तो खिडकीत दिला.

कृष्णात सरांनी सही पाहिली आणि शिक्का मारला.

"गेली म्हणत होतीस ना? जागेसाठी जिवंत माणूस मारतेस होय गं? उद्या अकराला मीटिंग आहे म्हणावं तिला."



दुसऱ्या दिवशी ती मीटिंगच्या खोलीबाहेर उभी राहिली. प्राचार्य आणि सर आत गेले. मग सभासद. तिनं मोजले, सात. सगळे ओळखीचे. दार लागलं. खोलीला दुसरं दार नव्हतं, आणि ते उघडेपर्यंत तासभर ती जागची हलली नाही.

सर फाइल घेऊन बाहेर आले.

"वाचनालयाचा ठराव पास झाला. आठच्या आठ मतं." चार पावलं जाऊन ते वळले. "मैत्रीण तुझी मोजकंच बोलते, पण मुद्द्याचं. तिला डॉक्टरकडे ने मात्र. डोळे पिवळे दिसत होते."

सोमवारी पाच वाजून गेले तरी वाचनालयाचे दिवे चालू होते. ज्ञानेश्वरी सगळ्यांच्या आधी पोचली. दाराशी नवी वही ठेवली होती, येणाऱ्यांनी नाव लिहायला. तिनं पेनाचं टोपण काढलं, पहिली ओळ मोकळी सोडली आणि दुसऱ्या ओळीवर आपलं नाव लिहिलं.