विमानाला काकवी

आकारामनं हातोडी उचलली आणि परत खाली ठेवली. साचा कधीचाच थंड झाला होता, पण फोडायला हात धजेना.

"काका, फोडा की!" तेजस्वी म्हणाली.

"फोडतो. पळून जातोय व्हय तो?"

शिरोलीतली ही फाउंड्री तेजस्वीच्या वडिलांची. विलायतेतल्या एका संग्रहालयाला शंभर वर्षांपूर्वीचं विमानाचं इंजिन पुन्हा चालू करायचं होतं. ते पाण्यावर नव्हे, वाऱ्यावर थंड होणारं. म्हणून सिलिंडरभोवती पापडाएवढी पातळ लोखंडी पाती. असे चार सिलिंडर हवे होते. पहिलाच तीनदा ओतला आणि तिन्ही वेळा साच्यातली, पात्यांमधली रेती ढासळली. "हाताच्या कामाचे दिवस गेले," असं मालक बोलून गेले. ते आकारामच्या जिव्हारी लागलं. चाळीस वर्षं साचे भरणाऱ्या त्या हट्टी माणसानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, आता फसलं तर उद्यापासून मी घरी.

चौथ्या वेळी त्यानं काम शिकवलेल्या उस्तादाची जुनी रीत काढली. रेती घट्ट बसावी म्हणून तीत काकवी कालवायची आणि मग भट्टीत भाजायची. काकवी अर्थातच घरातली.

तेवढ्यात त्याच्या बायकोचा, शालूबाईचा फोन आला.

"कोडोलीच्या गुऱ्हाळातनं आणलेली काकवी कुठं गेली? बरणी रिकामी हाय!"

"विमानाला घातली."

"काय?"

"घरी आल्यावर सांगतो," म्हणत त्यानं फोन खिशात कोंबला आणि त्याच झटक्यात हातोडी घातली.

रेती भसाभसा गळाली. तेजस्वीनं ब्रश फिरवला. एक पातं, दुसरं, तिसरं, पार शेवटचं. एकही तुटलं नव्हतं. आकारामनं टिचकी मारली, तर खणखणीत आवाज आला.

"आयला, जमलं की!"

सगळे मशीन सोडून धावले. मालकांनी वाकून पाहिलं आणि आकारामच्या पाठीवर जोरात थाप दिली. आकारामला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. त्यानं दोन्ही येऊ दिलं.

"काका, अजून तीन राहिलेत," तेजस्वी म्हणाली. "मी रेती चाळून देते."

ती हाताखाली आल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यानं तिला चाळण्यापलीकडं काही करू दिलं नव्हतं. आपल्या साच्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे.

आकारामनं रेती दाबायची आपली थापी शर्टाला पुसली आणि तिच्या हातात दिली.

"चाळायला मी हाय की. साचा तू भर."