पाठ केलेलं स्वमत

मी एक झेरॉक्स आहे. बारावीच्या इंग्रजीच्या नोट्सची प्रत; पानं चौसष्ट, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लॅस्टिक. माझं मूळ हस्तलिखित मृणालिनी मॅडमच्या कपाटात कुलपात असतं. त्याचं दर्शन आम्हा प्रतींना कधी होत नाही, पण जगात चालतो तो आमचाच शब्द.

माझा जन्म भाईंदर पूर्वेला, स्टेशनजवळच्या एका दुकानात झाला. एका दुपारी आम्ही चाळीस बहिणी जन्मलो. दुकानदाराने माझं पहिलं पान उजेडात धरलं आणि म्हणाला, "मॅडम, फिकट आलीय. थांबा, जरा काळी करून देतो." अख्ख्या परिसरात काळेपणाची कोणी मुद्दाम मागणी करत असेल तर ती ह्या एकाच दुकानात, हे मला पुढे कळलं.

मॅडमचा क्लास खारी गावाच्या तोंडाशी, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. अभ्यासक्रमात एक अमेरिकन कादंबरी होती. तिचा नायक काळा माणूस, पियानो सुरात लावून देणारा. गावातल्या गोऱ्या घरांना त्याच्यावाचून चालत नाही, पण त्याने यायचं ते स्वयंपाकघराच्या दाराने. दोनशे ऐंशी पानांचं पुस्तक. मॅडमनी ते दोनदा वाचलं, दोन्ही वेळा रडल्या आणि मग मुलांना रडायला वेळ नसतो हे ओळखून त्यांनी त्याचे चौदा प्रश्न केले. वर्णभेदाची कारणं पाच, परिणाम सहा. शेवट परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून शेवटासाठी दीड ओळ.

चौदावा प्रश्न स्वमताचा, चार गुणांचा. 'असा भेदभाव तुम्ही तुमच्या परिसरात पाहिला आहे का? स्वतःच्या शब्दांत लिहा.' हे स्वतःचे शब्द माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर तयार होते. इंग्रजीत होते, मराठीत सांगते: 'माझ्या मते भेदभाव हा मानवतेला कलंक आहे. सुदैवाने माझ्या परिसरात मी तो कधीही पाहिलेला नाही. आम्ही सारे गुण्यागोविंदाने राहतो.' अशा आठ ओळी. दरवर्षी चाळीस मुलं हे आपलं मत म्हणून स्वल्पविरामासकट लिहीत आणि चारपैकी चार घेत. एवढं एकमत मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

माझा पहिला मालक पराग. महत्त्वाचं तेवढं पिवळं करायचं असतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने मला पूर्ण पिवळी केली. चांगल्या मार्कांनी पास झाला आणि मला शेजारच्या भाविकाकडे देऊन टाकलं.

भाविकाचं घर खारीतलं जुनं. भात गेलं, मिठागर गेलं, राहिली ती घरामागची चार खोल्यांची ओळ. त्या खोल्या तिचे वडील नाथा भाड्याने देत. भाविकाला पुढे इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं. नाथांचं म्हणणं, इंग्रजी ही काय डिग्री आहे? शेवटी ठरलं असं: इंग्रजीत पंच्याऐंशी पडले तर बी.ए., नाहीतर गुपचूप कॉमर्स. त्यामुळे माझा मुक्काम तिच्या हातातच असे. जेवताना मी ताटाच्या पलीकडे उघडी. सव्विसाव्या पानावर अजून कोळंबीचा डाग आहे.

डिसेंबरात एक खोली रिकामी झाली. रोशन एजंटाचा फोन आला तेव्हा नाथांना कागद सापडेना, म्हणून त्यांनी माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं: 'चिनेदू. फुटबॉल सर, शाळेत. रविवारी ११.' आणि खाली नंबर. नाव जरा वेगळं वाटलं, पण केरळचे असतील, असं त्यांनी धरलं.

रविवारी अकराला पाहुणे आले. इस्त्रीचा शर्ट, बूट दाराबाहेर काढलेले, उंची चौकटीएवढी. ते केरळचे नव्हते. त्यांचा देश केरळच्या पश्चिमेलाच होता, पण बराच पुढे, समुद्रापलीकडे आफ्रिकेत. नाथांनी खिडकीतून पाहिलं आणि ते स्वयंपाकघरात सरकले. तिथून हळूच म्हणाले, "भावू, सांग त्याला, रूम गेली म्हणून."

भाविका दारात गेली. मी तिच्या हातात होते. सत्तेचाळिसाव्या पानात तिचं बोट होतं.

"सॉरी अंकल, वो रूम तो चला गया."

"कब?"

"आज सुबह."

त्यांनी मागच्या ओळीकडे पाहिलं. तिथे खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आत नुकतीच पुसलेली लादी चमकत होती. "कोई बात नहीं," ते म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या पहिल्या पानावरच्या कादंबरीच्या नावावर गेली. "अरे, ये किताब! अच्छी है. आखिर तक पढ़ी?"

"नोट्स पढ़े," भाविका म्हणाली.

"नोट्स," ते हसले. "एग्ज़ाम के लिए ऑल द बेस्ट." बूट घालून गेले.

दाराशी आजी जिजाबाई जवळा निवडत बसली होती. तिची मान वर झाली नाही. "रूम तं रिकामी हाय. खोटं कशाला बोललास, नाथा?"

"आये, बाकीचे भाडेकरू काय बोलतील? उद्या ते सोडून गेले म्हणजे?"

"त्यांना इचारलंस?"

"विचारायला कशाला पायजे? बघितलास ना केवढा काळा होता."

"मी मिठागरान राबत होती तवा मला बघितलं असतंस," आजी म्हणाली, "तं तू मला पन रूम न्हाय दिली असतीस."

नाथांनी टीव्हीचा आवाज वाढवला. माझ्या एकोणिसाव्या पानावर प्रश्न आहे: 'नायकाला खोली नाकारणारी घरमालकीण दुष्ट नव्हती, तिला शेजाऱ्यांची भीती होती. स्पष्ट करा.' त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. पण मला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाविकाने क्लासच्या कपाटातून मूळ पुस्तक मागून घेतलं. मॅडम म्हणाल्या, "आता? परीक्षा जवळ आलीय, नोट्स कर." तरी तिने ते नेलं. तीन आठवडे मी बाजूला पडून होते. माझ्या आयुष्यातला तेवढाच अपमान. शेवटची तीस पानं तिने आजीला मोठ्याने, मराठी करत वाचून दाखवली, म्हणून मलाही कळली. गाव सोडण्याआधी तो माणूस प्रत्येक घरातल्या पियानोची एक पट्टी किंचित बेसूर ठेवून जातो. कोणालाच समजत नाही. समजतं ते एका मुलीला. 'मागच्या दाराने या' हे आईचं सांगणं त्याला ऐकवायला तीच पुढे यायची. ती पट्टी तिला जन्मभर ऐकू येते. माझ्या दीड ओळीत हे नव्हतं.

परीक्षा झाली. निकाल लागला. इंग्रजीत चौऱ्याऐंशी.

नाथांना मुलीला कॉमर्सला घालायचं होतं, पण एका मार्काने हरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवून, तिला आणि मला घेऊन ते मॅडमकडे गेले. "मॅडम, ह्या शेवटच्या प्रश्नाला चारातले दोनच दिलेत. तुमच्या नोट्समधे आहे तसं लिहिलं का नाय हिने, ते बघा. मग कोणाशी भांडायचं ते मी बघतो."

मॅडमनी चष्मा लावला, माझं सत्तेचाळिसावं पान उघडलं आणि शेजारी उत्तरपत्रिका ठेवली. भाविका म्हणाली, "मॅडम, मोठ्याने नको ना." पण नाथा म्हणाले, "वाचा वाचा, मराठीत सांगा, मला पण कळू दे."

मॅडम सांगू लागल्या. "हो, पाहिला आहे. आमच्याच दारात. एक माणूस खोली विचारायला आला. खोली रिकामी होती. नाही म्हणणारी मी होते. तो गेल्यावर मी 'असा भेदभाव मी कधीही पाहिलेला नाही' हे वाक्य पाठ करायला बसले. ते पाठ झालं नाही." मॅडमनी पान उलटलं. "माझे वडील वाईट माणूस नाहीत. पुस्तकातली बाईही नव्हती."

समासात तपासनिसाचा लाल शेरा होता: मुद्दे अपुरे.

 मग नाथांनी मला उचललं, पालथी केली आणि मागच्या पुठ्ठ्यावरचा नंबर पाहत उभे राहिले. "घे तुझं इंग्रजी," एवढं म्हणाले आणि फोन घेऊन जिन्यात गेले. दार अर्धवट उघडं होतं. "हॅलो, वो खारी का रूम... हां, फिर खाली हुआ है... नहीं, झूठ नहीं बोलता. तब भी खाली था." मग बराच वेळ ते नुसतंच ऐकत होते. आत येऊन भाविकाला म्हणाले, "त्याला नायगावला रूम मिळाली. विचारत होता, पोरीने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं का. मी बोललो, वाचलं."

मॅडमनी चष्मा पुसला. "भाविका, हे उत्तर फार चांगलं आहे गं. यंदाच्या नोट्समधे टाकते."

"नको, मॅडम. चाळीसजणं पाठ करतील."

मॅडमनी नाकारलं नाही. चाळीस मुलं एकाच खोलीतून एकाच माणसाला परत पाठवताना त्यांना बहुधा दिसली असावीत. "मग काय टाकू?"

"जागा सोडा."

तेव्हापासून मी मॅडमच्याच टेबलावर असते, दुरुस्तीची प्रत म्हणून. माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावरच्या आठही ओळींवर मॅडमनी पांढरी शाई फिरवली, आणि यंदाच्या चाळीसजणी माझ्यावरूनच निघाल्या. पालक येऊन तक्रार करतात, "मॅडम, छपाई राहिलीय, एक उत्तर कमी आहे." मुलं पान उजेडात धरून पाहतात, मागून काही दिसतं का. त्यांच्या प्रतींत नाही; माझ्या पांढऱ्या शाईखाली थोडं दिसतंच. पण बाळांनो, ते वाचू नका. बाकी तेरा प्रश्न माझ्याकडून खुशाल पाठ करा, त्यात मी कधी कोणाला दगा दिलेला नाही. चौदाव्याला मात्र मला मिटा आणि आपल्या दारात जाऊन जरा उभे राहा.