सुतळीने बांधलेला दांडा

आज आठ काढायचा होता. दवाखान्यामागच्या कोरड्या ठणठणीत सिमेंटवर, सहा लाल शंकूंमधून, एकालाही धक्का न लावता. आठ जमला तर जनावरांच्या दवाखान्याची जीप डॉक्टरीणबाईंच्या हातात. नाही जमला तर कंपाउंडरच्या शेजारी बसून, त्याचा चहा संपेपर्यंत ताटकळून, टेकडीवरच्या आजारी जनावरांकडे उशिरा पोचायचं. गेल्या महिन्यात एक गाय त्या चहापायी गेली. डॉक्टरीणबाई अजून त्यावरून धुमसत होत्या.

गाडी शिकवली होती मामांनी. मामा म्हणजे तीस वर्षं वीटभट्टीच्या चिखलात जीप हाकलेला माणूस, आणि मतं तर अशी की कुणी विरोध करायची सोय नाही. "देवाने चार चाकं दिलीत, चौघांनीही राबायचं. दोघांनी ओढायचं आणि दोघांनी आयतं फिरायचं, हे माझ्या गाडीत चालणार नाही!" म्हणून चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा त्यांनी ओढला आणि सुतळीने करकचून बांधूनच टाकला. महिनाभर नदीकाठच्या चिखलात सराव झाला. तिथे जीप गुणी बाळासारखी वळायची.

सिमेंटवर मात्र तिच्या अंगात आलं. पहिल्याच वळणाला स्टिअरिंग जड झालं, टायर किंचाळले, गाडी धक्के देत भलतीकडेच निघाली. तीन शंकू धारातीर्थी पडले. कंपाउंडरने टाळी वाजवली, मेल्याने.

"जोर लाव गं!" मामा ओरडले.

"लावतेय, मामा!"

"मग अजून लाव!"

परीक्षा घ्यायला आलेल्या तपासनीस बाईंनी शंकू पुन्हा उभे करवले आणि वहीत फुली मारली. "आणखी एकदाच मिळेल."

डॉक्टरीणबाई खाली उतरल्या आणि चक्क गुडघ्यांवर बसून टायरांचे काळे ओरखडे बघायला लागल्या. पुढच्या चाकांचे बाहेरून, मागच्यांचे आतून. म्हणजे वळताना पुढच्यांना लांबचा फेरा आणि मागच्यांना जवळचा! आणि आपण त्यांना एकाच वेगाने फिरायला लावतोय. चिखलात चाकं थोडी घसरून भागवून घेत होती, सिमेंट कसलं घसरू देतंय! त्यांना एवढं हसू आलं की तपासनीस बाईंनी विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"फारच बरं वाटतंय!" त्यांनी बॅगेतली कात्री काढली.

"सुतळीला हात लावलास तर याद राख," मामा म्हणाले.

कच्चकन सुतळी तुटली. दांडा मात्र हलेना, अडकूनच बसला होता. त्यांनी गाडी सरळ थोडी मागे घेतली, आतला ताण सुटला आणि दांडा खट्‌कन जागेवर गेला. आता फक्त मागची दोन चाकं ओढणार होती.

आणि काय सांगावं! स्टिअरिंग दोन बोटांनी फिरू लागलं. डावं वळण, उजवं वळण, आठ पुरा, शंकू उभेच्या उभे. डॉक्टरीणबाईंनी लगेच दुसरा आठ काढला. मग तिसरा, मोठ्याने ओरडत.

"अहो, एकच हवा होता!" तपासनीस बाई ओरडल्या.

"माहितीये!"

सही झाली तोवर कंपाउंडर फोन घेऊन आला. टेकडीवर एक म्हैस अडली होती. "चहा घेऊन निघू या," तो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी तोवर गाडी सुरूसुद्धा केली होती. मामा तोंड फुगवून शेजारी चढले आणि सगळा घाट बाहेर बघत बसले. शेवटच्या चढाला चिखल लागला, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा ते दांड्याकडे बघून हळूच म्हणाले, "आता ओढू?"

"ओढा ना, मामा. आता तुमचंच राज्य."

त्यांनी दांडा असा ओढला की त्यांचा फुगलेला चेहरा एकदम निवळला. जीप चिखल उडवत वर चढली.

गोठ्यात पारड्याचे पुढचे दोन पाय नुकतेच बाहेर दिसत होते. डॉक्टरीणबाई बाह्या सरसावून गुडघ्यांवर बसल्या. पाय ओले होते, गरम होते, आणि त्यांनी धरताच एकाने चांगली जोराची लाथ मारली.