मिरचीचा बोगदा

मी एक जुना पाइपाचा तुकडा आहे. वीतभर लांब, आतून काळोखा, दोन्ही तोंडे उघडी. हसू नका मित्रांनो, अमरावतीच्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात माझा थाट पाहायला या.

माझे बालपण तेल्हाऱ्याच्या कपाशीत गेले. मी तुषार सिंचनाचा पाइप होतो. फुटलो आणि गोठ्यामागे पडून राहिलो. मालक देवमनबाबांची लेक संध्या सुटीत घरी आली. तिने मला करवतीने कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि पिशवीत घालून अमरावतीला नेले.

संध्या तिथे उंदरांवर मधुमेहाच्या नव्या औषधाची चाचणी करत होती. पण मधुमेह नसलेल्या निरोगी उंदरांच्याही रक्तातली साखर भलतीच चढलेली दिसायची. कारण साधे होते. उंदीरघर सांभाळणारे जानराव त्यांना शेपटीला धरून उचलत, आणि भीतीनेच साखर चढे. "या खेपेलाही आकडे असेच आले तर काम बंद," असे तिच्या सरांनी बजावले होते. तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

मला पाहून जानराव हसले. "म्याडम, उंदराले बंगला बांधून देऊन राहिल्या काय?"

पण मिरची नावाची पांढरी उंदरीण, जिने जानरावांचे बोट दोनदा फोडले होते, तीच आधी माझ्यात शिरली! संध्या दोन्ही तोंडांवर तळहात ठेवून मला आतल्या उंदरासकट उचलायची आणि जरा वेळाने परत ठेवायची. आठ दिवसांत सगळे उंदीर आपणहून आत येऊ लागले. जानरावही विरघळले. इतके, की रक्त घ्यायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला फिनाईलने घासले आणि वर चंदनाच्या साबणाने न्हाऊ घातले.

झाले! एकही उंदीर माझ्याकडे फिरकेना. मिरची तर कोपऱ्यात दडून बसली. संध्याचा चेहरा उतरला.

"काका, काहून धुतलं? त्याईच्या वासानंच तं ते आत जात होते!"

"माह्यं चुकलं, म्याडम. दुपारपर्यंत थांबा."

जानरावांनी मला गरम पाण्याने सात वेळा विसळले, उंदरांच्याच पिंजऱ्यातला भुसा आतून चोळला आणि मला पिंजऱ्यात परत ठेवले. मला तर रडू येत होते. तीन वाजता मिशा हलल्या. मिरची आत आली!

शेपटी तेवढी बाहेर राहिली. जानरावांनी मला अलगद धरले. संध्याने शेपटीला बारीक सुई टोचून एक थेंब साखर मोजायच्या पट्टीवर घेतला आणि रक्त थांबेपर्यंत कापूस दाबून धरला. मिरचीने चूंसुद्धा केले नाही. परत जाऊन ती दाणे खाऊ लागली. मग एकेक करून सगळे आले, आणि निरोगी उंदरांचे आकडे या वेळी जागेवर राहिले. "काम चालू ठेवा," सर म्हणाले. जानरावांनी सगळ्यांसाठी दह्यातला गिला वडा आणला.

आता माझ्या कडेवर दातांच्या खुणा आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे. नव्या मुलांना जानराव दम देतात, "शेपटीले हात नाई लावाचा. तो येईन तवाच घ्याचा."

मित्रांनो, जे इवले जीव तुमच्या औषधासाठी रक्ताचा थेंब देतात, त्यांची थोडी वाट पाहा. आणि मला धुवायचेच असेल, तर नुसत्या पाण्याने धुवा.