शेवटचा काऊन

गोऱ्या साहेबाच्या दौऱ्याआधी सुलतानपूरच्या लोकल बोर्डाच्या नव्या, खोदत्या विहिरीला पाणी दिसायला हवं होतं. पाणी दिसलं, अन् त्याच सकाळी दोर तुटला. दगडांची पाटी वहाबच्या कानाला चाटून चिखलात रुतली. वर दोर ओढायच्या गडगडीवर असलेले महादेवराव "गावातून नवा दोर आणतो!" म्हणून पळाले. चाळीस हात खाली अडकले तिघं: मुकादम अब्दुल गनी, वहाब आणि कडूबा. झऱ्याचं पाणी घोट्यावरून गुडघ्याला आलं.

"दोर काऊन तुटला बे?" गनीचाचांनी विचारलं. एका काऊनावर, एका 'का'वर, त्यांचं भागेल तर शपथ!

वहाबनं तुटकं टोक चाचपलं. "एकाच बाजूनं घासला, चाचा."

"काऊन घासला?"

"गडगडी कलली असन."

"थे काऊन कलली?"

कडूबाला उत्तर ठाऊक होतं. काल पाण्याचा माठ लवंडत होता, म्हणून गडगडीच्या खांबाखालची दगडाची पाचर त्यानंच काढून माठाला टेकण दिली होती. सकाळी गडगडी करकरली तेव्हा आठवलं, पण तोंड उघडलं नाही. कसं उघडणार? मागच्या साली मोतीरामानं आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली, तर चाचांनी त्याला भर उन्हात टोळीतून हाकललं. आणि आता गप्प बसावं, तर नवा दोर त्याच कललेल्या गडगडीवर चढणार, त्याला वहाब लटकणार. लोक नुसतं म्हणतात, इकडे आड तिकडे विहीर. कडूबा बिचारा खरंच विहिरीत होता.

"दोर आणला!" वरून हाक आली. दोर खाली सुटला. वहाबनं तो कमरेला गुंडाळला.

"थांब बे वहाब!" कडूबा ओरडला. "चढू नोको! खांबाखालची पाचर म्या काढली. माठाखाली हाये थे."

वहाबनं कमरेचा दोर सैल केला. मग चाचा गरजले, "सकाळीच काऊन नाही सांगतलं?"

कडूबाला रडूच फुटलं. "तुमाले भेऊन, चाचा! मोतीरामानं सांगतलं होतं ना."

चाचांनी पुढचा काऊन विचारायला तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. हा आपल्याला भेतो काऊन, हे आता स्वतःशिवाय विचारायचं कोणाला?

"महादेवराव," त्यांनी वर तोंड करून हाक दिली, "माठाखालचा दगड खांबाखाली ठोका. मंगच दोर ओढा." मग हळूच म्हणाले, "पयले वहाब जाईन. मंग तू, कडूबा. वर गेला का मोतीरामले बलावनं धाड. मी सगळ्याच्या मागून येतो."

पाणी चाचांच्या कमरेला लागलं होतं.